काळजी करणं, काळजी घेणं आणि घाबरलेलं शरीर

चार्ल्स डार्विनने एकदा स्वतःचीच परीक्षा पाहिली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो एका विषारी सापाच्या पेटीसमोर उभा राहिला, जाड काचेच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि मनाशी पक्कं ठरवलं, की साप अंगावर आला तरी मागे सरकायचं नाही. सापाने झेप घेतली मात्र, डार्विन एका उडीत एक-दोन यार्ड मागे! मध्ये काच आहे हे त्याला पूर्ण ठाऊक होतं. १८७२ साली भावनांवरच्या आपल्या पुस्तकात ही फजिती त्याने स्वतःच लिहून ठेवली आणि कबूलही केलं, की कधी अनुभवलेल्याच नसलेल्या धोक्याच्या कल्पनेपुढे आपली इच्छाशक्ती आणि बुद्धी दोन्ही लुळ्या पडल्या.

मला ही गोष्ट आवडते, कारण घाबरलेल्या माणसाला आपण जे काही सांगतो त्यातलं बरंचसं तिच्यामुळे निकालात निघतं. ‘घाबरायचं काय त्यात?’, ‘मनावर घेऊ नकोस’, ‘जरा खंबीर हो.’ लिफ्टमध्ये पाय ठेवताना ज्याला दरदरून घाम फुटतो, त्याला लिफ्ट सहसा पडत नाहीत हे तुमच्याइतकंच माहीत असतं. चारचौघांत बोलताना जिचा आवाज बसतो, तिला समोरचे लोक आपल्याला खाणार नाहीत हे कळत असतं. माहिती कमी पडते म्हणून ही माणसं घाबरत नाहीत. माहिती जिथे साठते आणि धोक्याची घंटा जिथे वाजते, त्या मेंदूतल्या जागाच वेगळ्या आहेत.

आडवाट आणि राजरस्ता

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा पेशींचा एकेक पुंजका आहे. ग्रीक भाषेतल्या बदामाच्या शब्दावरूनच त्याला अमिग्डाला हे नाव पडलं. १९८० च्या दशकात जोसेफ लेडू या शास्त्रज्ञाने उंदरांवर एक साधा प्रयोग केला. आधी एक आवाज, लगेच विजेचा हलका झटका. थोड्याच वेळात उंदीर नुसत्या आवाजानेही जागच्या जागी थिजायला लागले. इथपर्यंत नवीन काही नव्हतं. मग लेडूने मेंदूचा ऐकलेल्याचा अर्थ लावणारा वरचा थर, म्हणजे श्रवणाचं कॉर्टेक्स, निकामी केलं. तरी उंदीर आवाजाला घाबरायला शिकलेच. पण त्याच्या खालचं थॅलॅमस हे स्टेशन निकामी केलं तेव्हा मात्र हे शिकणं थांबलं.

याचा अर्थ, कानावर पडलेली गोष्ट अमिग्डालापर्यंत दोन वाटांनी पोचते. राजरस्ता कॉर्टेक्समधून जातो. तिथे नीट छाननी होते, ‘हा साप नाही, दोरी आहे’ असा निवाडा होतो, पण त्याला वेळ लागतो. आडवाट थॅलॅमसमधून थेट अमिग्डालाकडे जाते. तिच्यावरून जाणारी बातमी कच्ची असते, पण ती आधी पोचते. डार्विनचे पाय असल्याच कच्च्या बातमीवर उडाले असावेत. काचेचा मुद्दा बुद्धीने मांडेपर्यंत उडी मारून झालेली होती.

पुढे अमिग्डालाला सरसकट ‘भीतीचं केंद्र’ म्हणायची फॅशन आली आणि त्याबद्दल खुद्द लेडूनेच नाराजी व्यक्त केली. अमिग्डाला बचावाची यंत्रणा सुरू करतो. ‘मला भीती वाटते आहे’ ही जाणीव मात्र मेंदूचे अनेक भाग मिळून तयार करतात. हा फरक किती महत्त्वाचा आहे ते पुढे एका विलक्षण बाईच्या निमित्ताने येईलच.

आता ही यंत्रणा इतकी उतावळी का? साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्याला आपण हसतो, पण उत्क्रांतीच्या हिशेबात तोच शहाणा ठरतो. उगाच उडी मारली तर थोडी ताकद वाया जाते. जिथे मारायला हवी होती तिथे मारली नाही तर जीव जातो. रँडॉल्फ नेसी या मनोविकारतज्ज्ञाने याला धूर ओळखणाऱ्या अलार्मची उपमा दिली. भाजीच्या फोडणीनेही वाजणारा अलार्म त्रासदायक असतो, पण खऱ्या आगीला गप्प राहणारा अलार्म कुणीच घरात लावत नाही. म्हणजे खोटे इशारे हा या यंत्रणेचा बिघाड नाही, तिची रचनाच तशी आहे. चिंताविकारात हा अलार्म जरा जास्तच नाजूक केला गेलेला असतो. तो कुणी नाजूक केला आणि तो परत मूळ जागी का जात नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक लोक पहिल्यातच अडकतात. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो.

धडकी वेगळी, घोर वेगळा

मराठीत या भावनेसाठी शब्दांची चंगळ आहे. भीती, धडकी, धास्ती, धाकधूक, हुरहुर, दडपण, घोर, काळजी. हे एकाच गोष्टीचे पर्याय नाहीत. धडकी भरते ती समोर उभ्या ठाकलेल्या गोष्टीने, आणि ती गोष्ट गेली की काही वेळाने ओसरते. घोर लागतो तो अजून न घडलेल्या गोष्टीचा, आणि त्याला ओसरायला मुहूर्त सापडत नाही.

मेंदूतही असाच काहीसा भेद दिसतो. मायकेल डेव्हिस यांच्या उंदरांवरच्या कामातून असं पुढे आलं, की समोरच्या नेमक्या धोक्याला अमिग्डाला प्रतिसाद देतो, तर लांबलेल्या, धूसर, ‘येईल की नाही कोण जाणे’ अशा धोक्यात त्याच्या शेजारचा दुसरा एक भाग जास्त काळ जागा राहतो. त्याचं नाव स्ट्राया टर्मिनॅलिसचा बेड न्यूक्लियस. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. माणसांच्या मेंदूचे स्कॅन पाहिले तर ही रेघ इतकी स्वच्छ नाही, दोन्ही भाग बऱ्याचदा एकत्र काम करताना दिसतात. पण धूसरपणा हाच चिंतेचा खुराक आहे, एवढं नक्की.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली हे फार छान दाखवलं. स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड येणार, त्याखाली साप आहे का ते ओळखायचं. साप निघाला तर हाताला विजेचा दुखणारा झटका. साप निघण्याची शक्यता कधी जास्त, कधी कमी ठेवली होती. लोकांना किती घाम येतो, डोळ्यांची बाहुली किती मोठी होते, हे मोजलं. झटका हमखास बसणार असेल तेव्हा ताण सर्वांत जास्त असेल अशी आपली अटकळ. प्रत्यक्षात ताण सर्वांत जास्त होता तो शक्यता निम्मीनिम्मी असताना. ठरलेल्या दुखण्यापेक्षा न ठरलेलं दुखणं शरीराला जड गेलं. तपासणीचा वाईट निकाल हातात पडल्यावर काही माणसं आदल्या रात्रीपेक्षा शांत का दिसतात, त्याचं उत्तर मला इथे सापडतं.

घंटा वाजली, की शरीरात काय होतं ते आता पाहू. हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाशी असलेला छोटा भाग दोन निरोप धाडतो. एक मज्जातंतूंवरून, क्षणार्धात, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींकडे. तिथून अॅड्रेनालिन सुटतं. दुसरा निरोप रक्तातून, पिट्युटरी ग्रंथीमार्फत, जरा सावकाश. त्याने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि साखरेचा साठा मोकळा होतो. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली याला ‘लढा किंवा पळा’ची तयारी म्हटलं. आपल्या बोलीतले वाक्प्रचार हे या तयारीचंच वर्णन आहेत. रक्त पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून पोटात गोळा येतो. लाळ थांबते, म्हणून घशाला कोरड पडते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. पळण्यासाठी ताणलेले स्नायू पळायला न मिळाल्याने थरथरतात. यातलं एकही लक्षण आजार नाही. समोर वाघ असता तर प्रत्येक लक्षण उपयोगी पडलं असतं.

श्वास कोंडण्याची गंमत

गंमत म्हणणं क्रूर आहे, पण पॅनिक अटॅकची, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याची, यंत्रणा समजली की ती थोडी तशी वाटते.

अटॅक आलेला माणूस म्हणतो, ‘मला श्वास मिळत नाही.’ खरं तर तो गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. भरभर, उथळ श्वासांनी ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच त्याने जवळपास भरलेलं असतं. पण कार्बन डायऑक्साइड मात्र वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं, सगळं खोटं-खोटं, काचेपलीकडचं वाटतं. रक्ताची आम्लता घटते, त्यामुळे मज्जातंतू जास्त चटकन पेटतात, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. आणि या सगळ्यात मेंदू निष्कर्ष काढतो, की श्वास कमी पडतोय, अजून जोरात घ्या.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या चक्राचं नेमकं वळण दाखवून दिलं. छातीत धडधडणं प्रत्येकालाच कधी ना कधी जाणवतं. पॅनिक होतो तो त्या धडधडीचा अर्थ लावण्यात: ‘हा हार्ट अटॅक आहे’, ‘मी आता कोसळणार’, ‘मला वेड लागतंय.’ हा अर्थ मनात आला, की घंटा आणखी जोरात, धडधड आणखी वाढते, आणि अर्थ आणखी खरा वाटतो. अशा रुग्णांना प्रयोगात हृदयाचे ठोके वाढल्याचा खोटा आवाज ऐकवला, तरी त्यांची अस्वस्थता खरोखर वाढली. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो. इथे मन जे चिंततं, ते शरीर काही सेकंदांत करून दाखवतं.

म्हणजे पॅनिक हा फक्त विचारांचा खेळ झाला का? तर नाही, आणि इथे ती विलक्षण बाई येते. वैद्यकीय साहित्यात ती एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. उर्बाख-विथे नावाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात तिचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झाले. संशोधकांनी तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात नेलं, तर ती सापांना हात लावायला पुढे धावली. भुताटकीच्या घरात नेलं, तिथे ती हसत फिरली. भयपट दाखवले, काही फरक नाही. अमिग्डाला नाही तर भीती नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

मग २०१३ साली तिला आणि अमिग्डाला नष्ट झालेल्या आणखी दोघांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला. अशा हवेत ऑक्सिजन कमी नसतो, गुदमरण्याचा धोका नसतो, पण शरीराला मात्र तसं वाटतं. तिघांनाही पॅनिक अटॅक आला. आयुष्यात क्वचितच भीती अनुभवलेल्या एस. एम.ने मदतीसाठी हाका मारल्या.

म्हणजे बाहेरून येणारा धोका अमिग्डालातून जातो, पण गुदमरण्यासारखा आतून येणारा धोका दुसऱ्याच, बहुधा मेंदूच्या देठातल्या, जुन्या यंत्रणेतून थेट घंटा वाजवू शकतो. डोनाल्ड क्लाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने तर ‘पॅनिक म्हणजे गुदमरण्याचा खोटा इशारा’ असा सिद्धांतच १९९३ मध्ये मांडला. क्लाइनची दुसरी गोष्ट याहून जुनी. १९६० च्या आसपास तो इमिप्रामिन हे तेव्हाचं नवं औषध अशा रुग्णांना देऊन पाहत होता. रुग्ण म्हणत, काही फरक नाही, आम्ही पूर्वीइतकेच घाबरलेले आहोत. पण वॉर्डातल्या नर्सेसच्या लक्षात आलं, की ‘मी मरतोय’ म्हणत धावत येणारे रुग्ण आता येत नाहीत. अटॅक थांबले होते, ‘आता अटॅक येईल’ ही धास्ती तशीच होती. धडकी आणि घोर एका औषधाने वेगळे करून दाखवले. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांच्या यादीत पॅनिक डिसऑर्डर आणि सततच्या काळजीचा विकार असे दोन वेगळे कप्पे केले, त्यामागे हे निरीक्षण होतं.

बीज कुठून येतं

घराण्यातून येतं, हे अर्धं खरं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून चिंताविकारांची आनुवंशिकता साधारण ३० ते ४० टक्के निघते. या आकड्याचा अर्थ मात्र लोक हमखास चुकीचा लावतात. ‘आईला आहे म्हणजे मला ४० टक्के होणार’ असा तो नाही. लोकालोकांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त जनुकांतल्या फरकांमुळे आहे, एवढंच तो सांगतो. आणि जनुक म्हणजे एखादं ‘चिंतेचं जनुक’ नव्हे. १९९६ मध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची ने-आण करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाबद्दल फार गाजावाजा झाला होता. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असल्या एकेकट्या जनुकांवरचे दावे टिकले नाहीत. हजारो जनुकं, प्रत्येकाचा वाटा कणभर, असं आता दिसतं.

जन्मासोबत येतो तो आजार नाही, स्वभावाचा कल. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचात एक बाळ हातपाय झाडत रडायला लागलं. ही मुलं पुढे नव्या माणसांपुढे, नव्या जागी बुजणारी निघण्याची शक्यता जास्त होती. तशाच स्वभावाची मुलं विशीत पोचल्यावर त्यांना अनोळखी चेहरे दाखवले, तेव्हाही त्यांचा अमिग्डाला इतरांपेक्षा जास्त चाळवला. पण यातली बहुतेक मुलं चिंताविकाराची रुग्ण झाली नाहीत, हे सांगायचं राहून जाता कामा नये. बुजरेपणा म्हणजे विकार नव्हे.

उरलेलं शिकलेलं असतं, आणि शिकण्यासाठी स्वतःला ठेच लागलीच पाहिजे असं नाही. सुझन मिनेका यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला मुळीच न घाबरणाऱ्या माकडांना एक चित्रफीत दाखवली. तिच्यात दुसरं माकड सापाला पाहून घाबरत होतं. बघणारी माकडं सापाला घाबरायला शिकली. मग चित्रफितीत काटछाट करून तेच माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं. फुलाची भीती मात्र बघणाऱ्यांनी घेतली नाही. म्हणजे शिकवणी बाहेरून येते, पण काही धड्यांसाठी पाटी आधीच अर्धी लिहिलेली असते. वाहनं सापांपेक्षा कितीतरी जास्त माणसं मारतात, तरी वाहनांची भीती घेऊन डॉक्टरकडे फारसं कुणी जात नाही.

माणसांची पिल्लंही असंच शिकतात. दीड वर्षाच्या मुलांसमोर रबरी साप ठेवला आणि आईला घाबरलेला चेहरा करायला सांगितला, की मुलं नंतर त्या सापापासून लांब राहिली. घरात मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मूल फार लवकर वाचतं. याचा अर्थ आईबापांना दोषी धरा असा नाही. घाबरलेली आईही कुणाचा तरी चेहरा वाचूनच मोठी झालेली असते.

रक्त पाहून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळीच आहे. बाकी सर्व भीतींत रक्तदाब वाढतो आणि माणूस बेशुद्ध पडत नाही. (पॅनिकमध्ये ‘मी कोसळणार’ असं वाटतं, पण वाढलेल्या रक्तदाबात कोसळणं अवघड असतं.) रक्ताच्या, सुईच्या भीतीत ठोके आधी वाढतात आणि मग धाडकन उतरतात, माणूस खरोखर पडतो. ही भीती घराण्यांतून ठळकपणे चालत येते. यावर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्ट यांनी उलटा उपाय शोधला: शरीर सैल सोडू नका, उलट हातपायांचे आणि पोटाचे स्नायू घट्ट आवळा, म्हणजे रक्तदाब टिकतो. ‘शांत हो, अंग सैल सोड’ हा सल्ला इथे चक्क चुकीचा ठरतो.

सुटकेची किंमत

आता तो दुसरा प्रश्न: नाजूक झालेला अलार्म परत मूळ जागी का जात नाही? दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पिणं समजू शकतं. पण ताक दहा वेळा गारच निघालं, तरी फुंकणं सुटत का नाही?

कारण फुंकल्यामुळेच तोंड पोळलं नाही, असं वाटत राहतं. १९५३ च्या सुमारास रिचर्ड सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेला, आज कुणी करू देणार नाही असा, एक प्रयोग आहे. दिवा मंद झाला की काही सेकंदांत जमिनीतून झटका बसे. कुत्रे दिवा मंद होताच मधला अडसर ओलांडून पलीकडे उडी मारायला शिकले. मग झटका कायमचा बंद केला. कुत्रे उड्या मारतच राहिले, शेकडो वेळा. झटका आता येतच नाही हे कळण्यासाठी एकदा तरी जागेवर थांबायला हवं होतं, आणि नेमकं तेच ते करत नव्हते.

माणूस हेच जास्त हुशारीने करतो. लिफ्टऐवजी जिना घेतला, की छाती मोकळी होते. हा मोकळेपणा हेच बक्षीस. मेंदू नोंद करतो: जिना घेतला, वाचलो. पुढच्या वेळी लिफ्ट आणखी धोक्याची वाटते. टाळणं इतकं उघड नसतंही. बैठकीत बसायचं पण दाराजवळ. बोलायचं पण आधी दहादा मनात घोकून. बाहेर पडायचं पण कुणीतरी सोबत असेल तरच. चारचौघांत हात थरथरतील म्हणून पेला दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, आणि घट्ट धरल्यानेच तो जास्त थरथरतो. हे आधार प्रत्येक वेळी वेळ मारून नेतात आणि भीतीला कधी खोटी ठरू देत नाहीत. चिंताविकार टिकवून धरण्यात, माझ्या मते, जनुकांपेक्षा या सुटकेच्या निःश्वासाचा हात मोठा आहे.

काळजी हीसुद्धा एक प्रकारची टाळाटाळच आहे, असं मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी म्हटलं तेव्हा ते मला आधी पटलं नव्हतं. काळजी करणारा तर सतत त्याच गोष्टीजवळ असतो! पण नीट पाहिलं तर काळजी बहुतेक शब्दांत चालते: ‘असं झालं तर? मग तसं झालं तर?’ एका ‘तर’वरून दुसऱ्यावर. कुठलंच चित्र डोळ्यांसमोर पूर्ण उभं राहत नाही, म्हणून शरीराला धक्का कमी बसतो. तेवढ्यापुरता आराम, आणि त्या आरामाची सवय.

इथे आपली भाषाही थोडी फसवते. काळजी करणं आणि काळजी घेणं, दोन्हीला शब्द एकच. त्यामुळे जो काळजी करतो तो काळजी घेतोय, असं त्याला आणि घरच्यांनाही वाटतं. ‘मी काळजी करायची सोडली आणि नेमकं काही झालं तर?’ हा विचार फार लोकांच्या तोंडून ऐकू येतो. सततच्या काळजीच्या विकाराने त्रस्त लोकांचा अमेरिकेत एक छोटा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि पुढचे काही आठवडे पडताळून पाहिल्या. शंभरातल्या सुमारे ९१ खऱ्या झाल्या नाहीत. आपल्या काळज्या किती खोट्या निघतात हे ज्यांनी जास्त पाहिलं, त्यांची चिंता जास्त उतरली. एरवी काय होतं, तर काळजी खोटी ठरली की माणूस तिला विसरतो, किंवा तिलाच श्रेय देतो.

औषध कुठे बसतं

मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. लिओ स्टर्नबाख या रसायनतज्ज्ञाने शोधलेलं क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये बाजारात आलं आणि १९६३ मध्ये डायझेपाम. ही औषधं गाबाचा ब्रेक जास्त जोरात दाबतात, त्यामुळे अर्ध्या तासात माणूस निवांत होतो. हाच त्यांचा गुण आणि हीच अडचण. सवय लागते, अचानक बंद केली तर चिंता दुपटीने उसळते, आणि गोळी स्वतःच नवा आधार होऊन बसते. सेरोटोनिनवर काम करणारी औषधं याउलट काही आठवडे घेतात, सुरुवातीला बेचैनी थोडी वाढवूही शकतात, पण सवय लावत नाहीत. तीही अचानक थांबवायची नसतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असतात. त्यांचा उपयोग होतो म्हणून ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं होतं’ असं सिद्ध होत नाही. ताप उतरवणाऱ्या गोळीची कमतरता हे तापाचं कारण नसतं.

एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. थायरॉइड ग्रंथी जास्त चालली, तर धडधड, थरथर, घाम, झोप उडणं असं हुबेहूब चिंतेसारखं चित्र दिसतं. जास्त कॅफीनही हेच करतं. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर ‘पॅनिकच असेल’ असं घरबसल्या ठरवू नये. आणि साधी काळजी कुठे संपते, विकार कुठे सुरू होतो? ती महिनोनमहिने उतरत नसेल, काम, झोप, नाती तिच्या तालावर चालायला लागली असतील, तर तो विकार समजून मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ३० कोटी १० लाख लोक अशा विकारांसोबत जगत होते. मनोविकारांत ही संख्या सर्वांत मोठी, आणि यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत.

विचार आणि वर्तन यांवर एकत्र काम करणाऱ्या उपचारात गाभा एकच असतो. भीतीच्या जागी जायचं आणि सुटका न करून घेता थांबायचं. पायरीपायरीने, कुणी ढकलून नव्हे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलासोबत हे केलं होतं. तो आवडीचं खात असताना ससा रोज थोडा जवळ. शेवटी पीटरने त्याला कुरवाळलं. पॅनिकच्या रुग्णाला तर मुद्दाम खुर्चीत गोल फिरवतात, जागच्या जागी धावायला लावतात, बारीक नळीतून श्वास घ्यायला सांगतात. ज्या धडधडीला तो मृत्यूची चाहूल समजत होता, ती त्यानेच आणायची आणि मग ती आपोआप उतरताना पाहायची.

पण यातून जुनी भीती पुसली जात नाही. मेंदूच्या पुढच्या भागात ‘इथे धोका नाही’ अशी नवी नोंद तयार होते आणि ती जुनीला दाबून धरते. मार्क बाउटन यांच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलं: एका पिंजऱ्यात भीती घालवलेला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात नेला की परत घाबरतो. नवी नोंद जागेला चिकटलेली असते. म्हणून जाणता उपचारक एकाच लिफ्टवर समाधान मानत नाही. काचेची लिफ्ट, जुनी कुरकुरणारी लिफ्ट, गर्दीची, रिकामी, सकाळची, रात्रीची. आधी सोबत कुणीतरी, मग एकट्याने. आणि शेवटी येतो खिशातल्या त्या गोळीचा प्रश्न, जी वर्षानुवर्षं घेतलेली नसते पण खिशात असल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही. ती एक दिवस टेबलावर ठेवून निघायचं असतं. पहिल्या दिवशी फक्त कोपऱ्यापर्यंत.